घरचा सुरक्षा रेकॉर्डर : निवड, बिघाड आणि पुरावा

होसकोटे हे बेंगळूरुच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील तालुक्याचे ठिकाण आहे. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ 'नवा कोट' असा होतो. मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगावमार्गे चेन्नईकडे जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर हे गाव वसले आहे. १७६८ च्या ऑगस्टमध्ये मुरारराव घोरपडे यांच्या येथील छावणीवर हैदरअलीच्या फौजेने रात्रीच्या वेळी हल्ला केला होता आणि तो परतवून लावण्यात आला होता. आज येथे कारखाने, गोदामे आणि व्हाइटफिल्ड भागात नोकरी करणाऱ्यांच्या नव्या वसाहती आहेत. बेंगळूरु परिसरात नोकरीनिमित्त राहणारे मराठी कुटुंब गणपतीला किंवा दिवाळीला गावी निघाले की घर आठ-दहा दिवस कुलूपबंद राहते.

अशा बंद घराची राखण अलीकडे दाराबाहेरचे कॅमेरे आणि घरातील रेकॉर्डर यांच्यावर सोपवली जाते. चोरी झाल्यावर मात्र वेगळेच काही उघडकीस येते. कॅमेरे चालू असतात, पडद्यावर चित्रही दिसत असते, परंतु मुद्रण कित्येक आठवड्यांपूर्वीच थांबलेले असते. कधी मुद्रण झालेले असते, पण नेमका हवा तो दिवस पुसला गेलेला असतो. कधी तो दिवसही सापडतो, पण चित्रावरील वेळ चुकीची निघते. रेकॉर्डरची निवड आणि देखभाल या एका दिवसाचा विचार करून व्हावी लागते. दुकानात पडद्यावर दिसणारे सुंदर चित्र त्या कामी फारसे उपयोगी पडत नाही.

यंत्राचे प्रकार

डीव्हीआर या यंत्रात कॅमेऱ्याकडून येणारा संकेत कोॲक्सिअल केबलने रेकॉर्डरपर्यंत येतो व तेथे त्याचे अंकीय चित्रात रूपांतर होते. एनव्हीआर या प्रकारात हे काम कॅमेराच करतो आणि रेकॉर्डर नेटवर्कच्या तारेतून तयार चित्र घेऊन साठवतो. दुसऱ्या प्रकारात त्याच एका तारेतून कॅमेऱ्याला वीजही देता येते. मात्र या तारेची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये. दोन्ही प्रकारचे कॅमेरे स्वीकारणारी मिश्र यंत्रेही मिळतात. घरात आधीपासून कोॲक्सिअल केबल टाकलेली असेल तर ती उखडून एनव्हीआर बसवण्यात शहाणपण नाही. नवे बांधकाम असेल तर नेटवर्कची तार टाकणे अधिक सोयीचे ठरते.

किती दिवसांचे चित्रण राहील

विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. एका कॅमेऱ्याच्या चित्रासाठी दर सेकंदाला २ मेगाबिट माहिती साठवली जाते असे धरल्यास चार कॅमेऱ्यांची माहिती ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट होते. दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात. म्हणजे रोज ८६.४ गिगाबाइट जागा लागते. १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर साडेअकरा दिवस, तर २ टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे २३ दिवस मावतात. चित्राची प्रत राखण्यासाठी हा वेग ४ मेगाबिट ठेवल्यास दिवस निम्मे होतात.

डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागते. बारा दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाच्या घरी दुसऱ्याच रात्री चोरी झाली आणि डिस्कमध्ये सात दिवसच मावत असतील, तर परतल्यावर हाती येते ते रिकाम्या अंगणाचे सात दिवसांचे चित्रण. एच.२६५ ही संकोचन पद्धत जुन्या एच.२६४ पेक्षा साधारण निम्मी जागा घेते. मात्र एनव्हीआरच्या बाबतीत कॅमेरा आणि रेकॉर्डर या दोघांनाही ती यावी लागते. गर्दीच्या आस्थापनांसाठी कर्नाटकाने २०१७ मध्ये केलेल्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यात चित्रण ३० दिवस जपण्याची तरतूद आहे. घरांना ती लागू नाही, तरी मापदंड म्हणून ती उपयुक्त आहे. चार कॅमेऱ्यांसाठी वरील गणिताने ३० दिवसांना सुमारे २.६ टेराबाइट लागतात. खरेदीपूर्वी यंत्र किती क्षमतेची डिस्क स्वीकारते हेही पाहावे.

डिस्क देखरेखीच्या कामासाठी बनवलेली असावी. संगणकाची साधी डिस्क दिवसातील काही तास चालण्याच्या अपेक्षेने बनवलेली असते. येथे तिला चोवीस तास अखंड लिहावे लागते. काही विक्रेते किंमत उतरवण्यासाठी जुन्या संगणकातून काढलेली डिस्क बसवून देतात. बिलावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घेणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

खोक्यावरील आकडे

स्वस्त डीव्हीआरच्या खोक्यावर '१०८०एन' असे लिहिलेले असते. ग्राहक ते १०८० समजून घेतो. वस्तुतः यात चित्राची रुंदी १९२० ऐवजी सुमारे ९६० ठिपके एवढीच साठवली जाते. कॅमेरा चांगला असूनही अर्धा तपशील यंत्रात शिरतानाच गळतो. माणूस ओळखू येण्यासाठी दर मीटर रुंदीस २५० ठिपके असावेत, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. त्या हिशेबाने १९२० ठिपक्यांचा कॅमेरा साडेसात मीटर रुंदीच्या दृश्यातच चेहरा नीट दाखवू शकतो. '१०८०एन' यंत्रात ही रुंदी चार मीटरच्याही खाली येते. फाटकावर लावलेला एकच कॅमेरा संपूर्ण रस्ता दाखवत असेल, तर त्यात चोर दिसेल, ओळखू मात्र येणार नाही.

चार कॅमेरे असतील तर आठ वाहिन्यांचा रेकॉर्डर घेणे दीर्घकाळात स्वस्त पडते. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षाविषयक चाचणीची अट लागू झाली आहे. त्यापूर्वी बनलेला माल मोठ्या सवलतीत मिळत असल्यास हे ध्यानात ठेवावे.

बिघाड आणि शोध

सर्वांत घातक बिघाड आवाज करत नाही. किंबहुना त्याचा आवाज बंद केलेला असतो. डिस्क निकामी झाली की बहुतेक रेकॉर्डर सतत टीं-टीं करतात. घरातील मंडळी त्रासतात, कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तो आवाज बंद करते आणि प्रकरण तेथेच मिटते. पडद्यावर चित्र दिसतच राहते, कारण थेट चित्र दाखवण्यासाठी डिस्क लागत नाही. म्हणून तपासणी थेट चित्रावरून करू नये. महिन्यातून एकदा आदल्या रात्रीचे आणि सर्वांत जुन्या दिवसाचे चित्रण प्रत्यक्ष लावून पाहावे. या पाच मिनिटांच्या कामात मुद्रण चालू आहे का, किती दिवस मागचे मिळते आणि रात्रीचे चित्र कसे येते, या तिन्ही गोष्टी कळतात.

मुद्रण होत नसल्यास डिस्कची स्थिती दाखवणारे पान उघडावे. तेथे डिस्क दिसतच नसेल तर प्रथम यंत्र बंद करून डिस्कच्या वीज व माहितीच्या तारा घट्ट बसवून पाहाव्यात. डिस्क ठीक असूनही मुद्रण थांबले असेल तर 'ओव्हरराइट' हा पर्याय बंद असण्याची शक्यता असते. अशा वेळी डिस्क भरली की यंत्र स्वस्थ बसते. मुद्रणाचे वेळापत्रकही पाहावे. केवळ हालचाल झाली तरच मुद्रण करण्याची पद्धत जागा वाचवते, परंतु रात्री कॅमेऱ्यापुढे कोळ्याने जाळे विणले की तीच हालचाल ठरते, आणि दूरवरून अंधारातून येणारा माणूस कधी टिपलाच जात नाही. जागा परवडत असेल तर अखंड मुद्रणच ठेवावे.

एका कॅमेऱ्याचे चित्र गेल्यास दोष कॅमेरा, तार, वीजपुरवठा किंवा रेकॉर्डरचे तोंड यांपैकी एकात असतो. त्या कॅमेऱ्याची तार चालू असलेल्या वाहिनीच्या तोंडाला लावून पाहावी. चित्र आले तर रेकॉर्डरचे मूळ तोंड खराब आहे. आले नाही तर दोष पलीकडे आहे. मग कॅमेरा काढून रेकॉर्डरजवळ छोट्या तारेने जोडावा. या दोन पायऱ्यांत बहुतेक वेळा उत्तर मिळते, आणि नवा कॅमेरा घेण्याचा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवता येते.

दिवसा उत्तम चालणारा कॅमेरा रात्री लुकलुकत असेल किंवा बंद पडत असेल, तर तो वीजपुरवठ्याचा दोष समजावा. अंधार पडल्यावर अवरक्त दिवे लागतात व कॅमेऱ्याला अधिक विद्युतप्रवाह लागतो. बारीक आणि लांब तारेत १२ व्होल्टचे १० व्होल्ट होतात आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागतो. चित्रावर वर-खाली सरकणारे आडवे पट्टे दिसत असतील तर भूसंपर्कन तपासून घ्यावे.

वीज अचानक जाणे-येणे हे डिस्क बिघडण्याचे मोठे कारण आहे. एका डिस्कचा रेकॉर्डर व चार कॅमेरे मिळून साधारण ३० ते ४० वॅट वीज घेतात; छोटा यूपीएस त्यांना पुरतो. बेंगळूरु परिसरात एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस गडगडाटासह येतो. अशा वेळी बाहेर दूरवर टाकलेली तांब्याची तार विजेचा झटका थेट रेकॉर्डरपर्यंत पोहोचवू शकते. तसेच रेकॉर्डर दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवू नये. चोर तो उचलून नेतो आणि त्याबरोबर पुरावाही जातो. हवा खेळेल अशी, पण सहज न दिसणारी जागा निवडावी.

संकेतशब्दाचा प्रश्न वेगळा आहे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील रेकॉर्डर व कॅमेऱ्यांत कारखान्याने दिलेले संकेतशब्द वापरून शिरकाव केला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेकरवी डिन या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. बसवणाऱ्याने ठेवलेला संकेतशब्द तो घरातून निघताच बदलावा.

घड्याळ आणि न्यायालय

रेकॉर्डरमधील घड्याळ वीज नसताना ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. ती काही वर्षांत संपते. मग प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख मागे उडी घेते. दुसरा दोष कमी लक्षात येतो. अनेक यंत्रे कारखान्यातून चीनच्या वेळेवर येतात. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय सुरू केली, पण विभाग भारताचा निवडला नाही, तर घड्याळ नेमके अडीच तास पुढे राहते.

वेळेला किती महत्त्व असते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी, २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ची मुदत उलटल्यानंतर उमेदवारी अर्ज स्वीकारला गेला, असा आक्षेप घेतला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुराव्यादाखल मागवण्यात आले. त्यासोबतचे कायदेशीर प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ही निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळताना, इतर पुराव्यांवरूनही तोच निष्कर्ष निघतो, असे नमूद केले. मात्र चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असा निर्वाळाही दिला. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर त्याची गरज नाही, हेही त्यात स्पष्ट करण्यात आले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्याच्या परिशिष्टातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात डीव्हीआरचा नावानिशी उल्लेख असून यंत्राची बनावट, नमुना, रंग, अनुक्रमांक आणि चित्रणाचे हॅश मूल्य भरावे लागते. नमुन्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

म्हणून घटना लक्षात येताच प्रथम ते चित्रण पुसले जाणार नाही अशी व्यवस्था करावी. पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रण नातेवाइकांना पाठवण्यापुरते ठीक आहे. पोलिसांसाठी रेकॉर्डरमधूनच मूळ स्वरूपात प्रत काढावी. घड्याळ चुकलेले आढळल्यास ते लगेच दुरुस्त करू नये. खरी वेळ आणि यंत्रातील वेळ यांतील फरक लिहून, दोन्ही वेळा एकत्र दिसतील असे छायाचित्र घ्यावे व मगच ती जुळवावी. डिस्क काढून घरच्या संगणकाला जोडणेही टाळावे. अनेक रेकॉर्डरची साठवण पद्धत संगणकाला वाचता येत नाही, तो डिस्क 'फॉरमॅट' करण्याविषयी विचारतो, आणि घाईत 'होय' म्हटले जाते.