टिकाऊ भांडी (रोजच्या स्वयंपाकाची)

टिकाऊ भांडी : वर्षानुवर्षे रोज आचेवर चढूनही ज्यांचा आकार बिघडत नाही, जी अन्नाला सहसा आपली चव किंवा रंग लावत नाहीत आणि झिजली तरी पुन्हा कामाला जुंपता येतात, अशी पातेली, कढया, तवे व कुकर. मुंबई-कोकणात टोप, पुण्याकडे पातेले, विदर्भ-मराठवाड्यात गंज किंवा भगोने अशी नावे बदलतात. निवडीचे निकष मात्र सगळीकडे तेच. भांडे घेताना बहुतेक घरांत आधी धातू ठरतो, मग किंमत आणि चकाकी. खरे तर क्रम उलटा हवा. या भांड्यात रोज काय शिजणार, त्याचा पत्रा किती जाड आहे आणि बिघडले तर ते दुरुस्त होते का, हे तीन प्रश्न आधी. धातूचे नाव त्यांच्या उत्तरातून आपोआप निघते.

धातूंचा पहिला मोठा फरक उष्णता पसरवण्यात आहे. स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत बीड (ओतीव लोखंड) सुमारे तिप्पट, अ‍ॅल्युमिनियम पंधरापट आणि तांबे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. पातळ स्टीलच्या पातेल्यात पिठले लावले की याचा प्रत्यय येतो. ज्योतीच्या कड्यावर बुडाचा जेवढा भाग येतो तेवढाच भडकून तापतो, बाकीचे बूड कोमट राहते. वर पिठले अजून रटरटलेलेही नसते आणि खाली गोल, तपकिरी खरपुडी धरलेली असते. पळीने ढवळून हा दोष झाकता येतो, जात नाही. तेच पिठले लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवले तर बूड जाड असल्याने उष्णता रेंगाळत, पसरत जाते. जी खरपुडी धरते ती एकसारखी आणि खाण्याजोगी असते.

म्हणून जाडी हा टिकाऊपणाचा पहिला निकष. भांड्यांच्या बाजारात ती गेजमध्ये सांगतात आणि तिथे गिऱ्हाईक हमखास फसते, कारण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिमी., २२ गेजचा ०.७ मिमी. आणि २४ गेजचा जेमतेम ०.५५ मिमी. भरतो. पाणी तापवायला, कणीक ठेवायला २४ गेज चालतो. रोज फोडणी करायच्या पातेल्याला १८ गेजपेक्षा पातळ पत्रा घेऊ नये. दुकानात मोजमापाचे साधन नसते, पण दोन हातांनी कड धरून आत दाबली असता पातेले लवत असेल, तर ते आचेवर पोक काढणारच.

स्टेनलेस स्टीलच्या शोधाचे श्रेय सामान्यतः शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांना देतात (१९१३). महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत स्टीलने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पितळेची जागा घेतली. त्यात कल्हईचा खर्च वाचणे हे मोठे कारण होते आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी दारात आणून देणाऱ्या बोहारणींचाही वाटा होता. मुंबईजवळचे भाईंदर या भांड्यांच्या कारखानदारीसाठी ओळखले जाते. रोजच्या स्वयंपाकाला ३०४ दर्जाचे स्टील उत्तम. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून त्याला १८/८ असेही म्हणतात. स्वस्त भांडी बहुधा २०० मालिकेच्या स्टीलची असतात. त्यांत निकेल कमी करून मँगॅनीज घातलेले असते आणि मीठ व आंबटापुढे ती लवकर हार खातात.

या दोहोंत फरक ओळखायला लोहचुंबक लावून पाहण्याची चाल सर्वत्र आहे. चुंबक चिकटला नाही तर स्टील अस्सल, असे दुकानदारही सांगतात. ही समजूत चुकीची आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही तसा २०० मालिकेतल्या २०२ लाही चिकटत नाही. उलट ४३० या चांगल्या दर्जाच्या स्टीलला तो पक्का चिकटतो. खात्री करायची तर भांड्यावरचा ठसा आणि पावतीवरचा दर्जा पाहावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या आदेशाने स्टेनलेस स्टीलच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे, तेव्हा ते मागून घेण्यात संकोच नको.

स्टीलच्या बुडाशी बारीक पांढरट खड्डे पडतात त्याचे कारण बहुधा मीठ. थंड पाण्यात टाकलेले मीठ तळाशी बसते आणि तिथेच धातूला खाते. पाण्याला उकळी फुटल्यावर टाकले तर लगेच विरघळते. इंद्रधनुष्यासारखे निळसर-जांभळे डाग मात्र निरुपद्रवी असून लिंबाच्या फोडीने निघतात.

स्टीलची उष्णता न पसरवण्याची खोड आता तीन थरांच्या पत्र्याने सुटली आहे. आत अन्नाला लागणारे ३०४, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेर इंडक्शन शेगडी ओळखेल असे ४३०. मधला थर फक्त बुडात न ठेवता कडेपर्यंत नेलेला असावा, नाहीतर बूड जिथे संपते त्या कोपऱ्यात दूध आणि खीर लागतेच. अशा पातेल्याला साध्याच्या कितीतरी पट किंमत पडते. तरी दूध, बासुंदी, पिठले, मसाला परतणे ही कामे ज्या घरात रोजची आहेत, तिथे एक तरी असे भांडे घ्यावेच. तीन स्वस्त पातेल्यांपेक्षा ते शेवटी स्वस्त पडते.

लोखंड आणि बीड यांची जात वेगळी. पत्र्याचे लोखंड लवते, बीड ओतीव असते. त्यात दोन ते चार टक्के कार्बन असल्याने ते ठिसूळ होते. लोखंडी तवा हातातून पडला तर वाकेल, बिडाचा तवा दुभंगेल. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतले तरी तडा जातो आणि तो सांधत नाही. पोळी-भाकरीला लोखंडी तवा बरा: लवकर तापतो, आच कमी केली की लवकर निवतो. घावन, आंबोळी, धिरडे यांना बिडाचा तवा हवा, कारण गार पीठ पडले तरी त्याची उष्णता ढळत नाही आणि जाळी पडते.

बिडाचा तवा विकत मिळतो, पण तयार करावा लागतो घरी. नवा तवा एकदाच साबणाने खसखसून धुवावा, म्हणजे कारखान्यातले तेल निघते. लगेच आचेवर कोरडा करावा. मग तेलाचा बोळा फिरवून, फडक्याने जवळजवळ सगळे तेल पुसून घ्यावे आणि धूर येईपर्यंत तापवावा. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन धातूवर कडक, काळी साय धरते. तीच पुढे घावन सोडवते. हे तीन-चार वेळा करावे. इथे उतावीळपणा नडतो. जास्त तेल लावले की साय कडक न होता चिकट राहते आणि पहिलाच घावन फाटतो. रोजच्या वापरात अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवण्याची जी पद्धत कोकणात आहे, तिने ही साय आपोआप राखली जाते. गंज चढला तरी तवा वाया जात नाही. घासून, वाळवून पुन्हा तेल पाजले की तो पूर्ववत होतो. या एका गुणामुळे बिडाइतके टिकाऊ भांडे दुसरे नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

लोखंडी कढईत वांग्याची भाजी काळी पडते, चिंच-कोकमाची आमटी तिचा रंग आणि चव दोन्ही लावून घेते. त्यात अपायकारक काही नाही. अन्नातले लोह थोडे वाढतेच. पण आंबट पदार्थ तेलाची साय खातो, म्हणून शिजल्याबरोबर तो काढून घ्यावा आणि कढई रात्रभर भरलेली ठेवू नये.

तांबे आणि पितळ उष्णता उत्तम पसरवतात, पण आंबटाशी त्यांचे पटत नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक, आमटी राहिली तर कळकते आणि कळकलेले अन्न पोटात गेल्यास मळमळ, उलटी होते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ मुलामा. कल्हईवाला भांडे कोळशाच्या भट्टीवर भात्याने तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा मळ सुटतो. मग तापलेल्या भांड्याला कथलाची कांडी टेकवायची, ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने तो चकाकता रस भराभरा सर्वत्र फिरवायचा. हात थांबला तर थर जाडाभरडा बसतो. शेवटी भांडे पाण्यात बुडवले की काम झाले. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवणे म्हणजे कल्हई हाताने पुसून टाकणे. तारेच्या घासणीनेही ती जाते. राख, चिंच किंवा साधा काथ्या पुरे. कथलात शिसे मिसळणे स्वस्त पडते पण विषारी असते, म्हणून खात्रीच्या माणसाकडूनच कल्हई करून घ्यावी. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी तांब्याच्या घडीव कामासाठी पेशवाईपासून नावाजलेली आहे. तिथल्या मठारकामात हातोडीच्या ठोक्यांनी येणाऱ्या ठिपक्यांची नक्षी केवळ शोभेची नाही. ठोकल्याने धातू दाबला जाऊन कठीण होतो. कल्हईवाला घरापासून हाकेच्या अंतरावर असेल तरच पितळ रोजच्या वापरात आणावे.

अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे जुन्या बोलण्यातले ‘जर्मन’, लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचे. चहा आणि भात यांना ते ठीक. चिंच, टोमॅटो, कोकम, लोणचे यांना नाही. हिंडालियम हा त्याचाच मॅग्नेशियमसारखे धातू मिसळून कणखर केलेला मिश्रधातू आहे. विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर चढवलेल्या काळ्या-राखाडी कढया आंबट सहज सोसतात, मात्र भांडी धुण्याच्या यंत्रातल्या तीव्र क्षारांनी तो थर खराब होतो.

कुकरच्या बाबतीत टिकाऊपणा म्हणजे सुटे भाग मिळण्याची सोय. आतली वाफ वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे १ किलो प्रति चौ. सेंमी. जास्त दाबाची असते, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास तापते आणि डाळ मिनिटांत शिजते. हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन्ही नावे १९५९ पासून भारतीय घरांत आहेत. पहिल्याचे झाकण तोंडाच्या आतून बसते, दुसऱ्याच्या जुन्या मॉडेलचे बाहेरून. कोणताही घ्यावा, फक्त त्याची रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गावातल्या दुकानात मिळतात याची चौकशी आधी करावी. आयएस २३४७ हे कुकरचे मानक असून २०२० च्या आदेशाने ते सक्तीचे आहे. कुकर दोन तृतीयांशापेक्षा आणि फेसाळणाऱ्या डाळीसाठी निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. रिंग कडक झाली, वाफ कडेने निसटू लागली, की ती बदलावी; शिट्टीवर वजन ठेवणे, व्हॉल्व्हच्या जागी काहीतरी ठोकून बसवणे असले उपाय जिवावर बेततात.

नॉनस्टिक तवा टिकाऊ भांड्यांत मोडत नाही. त्याचा लेप टेफ्लॉन या नावाने परिचित आहे. हे रसायन रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अपघाताने सापडले. २६० अंशांच्या पुढे लेप बिघडू लागतो आणि मोठ्या गॅसवर रिकामा तवा काही मिनिटांत ही मर्यादा ओलांडतो. लेप घरी पुन्हा लावता येत नाही. खवले निघू लागले की तवा टाकून द्यावा.

मातीची भांडी इथे ओझरती येतात, कारण गॅसच्या एकवटलेल्या ज्योतीवर ती फार काळ टिकत नाहीत. खानदेशातले पुरणाचे मांडे मात्र खापराखेरीज होत नाहीत, आणि कोकण-गोव्यात मडक्यातल्या माशाच्या कालवणाची चव सोडायला कोणी तयार नाही.

चौघांच्या घराला लोखंडी तवा, बिडाचा तवा, लोखंडी कढई, तीन थरांची दोन पातेली, पाच लिटरचा कुकर आणि फोडणीची लोखंडी पळी एवढे पुरते. भांडे ओट्यावर ठेवून बूड डुगडुगत नाही ना ते पाहावे. कान आणि दांडा रिवेटने जोडलेले असावेत. नुसता ठिपक्याएवढा जोड भरलेल्या पातेल्याच्या वजनाने सुटतो. कडीत बोट घालून ओढावे. वळवलेल्या कडेत पाणी आणि खरकटे साठते, म्हणून सपाट कड चांगली. झाकण घट्ट पण सहज उघडणारे हवे.

जुने पितळी भांडे मोडीतून किंवा माळ्यावरून उतरवून वापरात आणायचे असेल तर ते आधी उन्हात धरून आतून पाहावे. बारीक भेग किंवा छिद्र असल्यास प्रकाश दिसतो. डाग दिलेल्या जागा नखाने तपासाव्यात: राखाडी, मऊ, नखाने खरवडता येईल असे झाळण असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते. असे भांडे शोभेला किंवा झाडाच्या कुंडीला ठेवावे, आचेवर चढवू नये.