सूर्य न दिसलेला डिसेंबर आणि वकिलीचे दोन उमेदवार

१/ डिसेंबर १८९०. लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे त्या संपूर्ण महिन्यात सूर्यप्रकाशाची नोंद झाली शून्य तास. कोळशाचा धूर, दाट धुके आणि हाडे गोठवणारी थंडी. इंग्लंडच्या नोंदींतील अतिशय थंड डिसेंबरांपैकी हा एक. याच महिन्यात एकवीस वर्षांचे मोहनदास गांधी बॅरिस्टरीची अंतिम परीक्षा देत होते. वकिलीच्या उमेदवारीत देह आणि मन कशाच्या आधारावर टिकतात, हे या धाग्यात पाहू.

२/ प्रथम व्यवस्था समजून घेऊ. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या चार ‘इन्स’पैकी एकीत नाव नोंदवावे लागे. गांधींनी १८८८ मध्ये ‘इनर टेम्पल’मध्ये प्रवेश घेतला. बारा सत्रे, म्हणजे सुमारे तीन वर्षे भरावी लागत. सत्र भरणे म्हणजे तेथील सहभोजनांना हजर राहणे. चोवीसांपैकी किमान सहा. चौघांच्या गटामागे मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधी मद्य घेत नसल्याने प्रत्येक गटाला ते आपल्यात हवे असत!

३/ परीक्षा त्या काळी फारशा अवघड मानल्या जात नसत. बहुतेक उमेदवार टिपणे पाठ करून काही आठवड्यांत रोमन कायदा आणि दोन-तीन महिन्यांत इंग्लंडचा कायदा उरकत. गांधींनी मात्र मूळ ग्रंथ वाचायचे ठरवले. रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधून वाचला आणि इंग्लंडच्या ‘कॉमन लॉ’च्या वाचनाला नऊ महिने दिले. म्हणजे कामाचा भार त्यांनी स्वतःहून वाढवून घेतला होता.

४/ तो भार पेलला कसा? आत्मकथेत याचा तपशील आहे. पैशापैशाचा हिशेब. आधी दोन खोल्या, मग एकच खोली. सकाळी स्वतः शिजवलेली ओटची पेज आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पाव आणि कोको. जेवणाचा खर्च दिवसाला एक शिलिंग तीन पेन्स. गाडीभाडे वाचवण्यासाठी रोज आठ-दहा मैल चालणे. इंग्लंडमधील वास्तव्यात आपण जवळजवळ आजारी पडलो नाही, याचे मुख्य श्रेय ते या चालण्याला देतात.

५/ दुसरा आधार माणसांचा. सुरुवातीचे महिने अर्धपोटी आणि घराच्या आठवणीने व्याकूळ असे गेले. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटजवळ शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा पोट भरलेच, शिवाय एक वर्तुळही मिळाले. सप्टेंबर १८९० मध्ये, म्हणजे अंतिम परीक्षेच्या अवघे तीन महिने आधी, ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत गेले. कायद्याच्या पुस्तकांबाहेर त्यांचे एक जग होते.

६/ मात्र या साधेपणामागे एक भक्कम भिंत होती. थोरले बंधू लक्ष्मीदास मागितले की पैसे पाठवत. भावाच्या कष्टांची जाणीव हेच काटकसरीचे एक कारण होते. काटकसर खरी होती, पण ती निवडलेली होती. हात आखडता घेतला तरी उद्याच्या भाकरीची चिंता नव्हती.

७/ आता तीस वर्षे पुढे जाऊ. शहर तेच, हिवाळा तसाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये ‘ग्रेज इन’मध्ये नाव नोंदवले होते, परंतु बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

८/ बॅरिस्टरीच्या जोडीला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अर्थशास्त्राचे संशोधनही होते. धनंजय कीर यांच्या चरित्रातील त्यांचा दिवस असा: सकाळी अपुरी न्याहारी, चालत ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठणे, दुपारचे जेवण टाळून सायंकाळी ते बंद होईपर्यंत वाचन, मग खोलीवर पुन्हा पुस्तके. रात्री भूक असह्य झाली की भाजलेले पापड. सोबत राहणारा स्नेही झोपायला सांगे, तेव्हा उत्तर असे की जवळ पैसा नाही आणि वेळही नाही. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या.

९/ दोघेही चालले, दोघांनीही पोटाला चिमटा घेतला, दोघेही बॅरिस्टर झाले; गांधी १८९१ मध्ये, आंबेडकर १९२२ मध्ये. वरवर पाहता ही एकाच तपश्चर्येची दोन उदाहरणे वाटतात. पण एकाची अर्धी भाकरी हा प्रयोग होता, तर दुसऱ्याची अर्धी भाकरी ही जात आणि दारिद्र्य यांनी लादलेली सक्ती होती. गांधींना विसाव्याला सवड होती. बाबासाहेबांच्या प्रत्येक तासावर कर्ज होते.

१०/ आज महाराष्ट्रात जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. त्यामागील कृतज्ञता मोलाची आहे. परंतु तेच अठरा तास एखाद्या कनिष्ठ वकिलाला ‘ते करू शकले, मग तुम्ही का नाही?’ असे ऐकवण्यासाठी वापरले जातात, तेव्हा इतिहास उलटा वाचला जातो. ज्या परिस्थितीशी बाबासाहेब आयुष्यभर लढले, तिलाच आपण आदर्श ठरवतो.

११/ ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. घरून पैसे येणारा उमेदवार विद्यावेतनाशिवायही तग धरतो. ज्याच्या घरीच पैसे पाठवावे लागतात, तो दोन-तीन वर्षांत न्यायालयाची पायरी सोडतो. सकाळी चालायला जा, वेळेवर जेवा, हा सल्ला योग्यच आहे. तो पाळता येईल एवढे वेतन देणे, ही मात्र ज्येष्ठांची जबाबदारी आहे.