बेसाल्टाचे घनीभवन

लाव्हारस थंड होऊन त्यापासून बेसाल्ट हा खडक बनणे, म्हणजे द्रव्याचे द्रव अवस्थेतून घन अवस्थेत होणारे रूपांतर होय. नांदेड–लातूर रस्त्यावरील लोहा परिसरात आढळणारा काळा दगड अशाच रूपांतराने बनला आहे. तो दक्षिण ट्रॅप या बेसाल्टी थरांचा भाग असून हे थर महाराष्ट्राच्या सु. चार-पंचमांश भूभागावर पसरलेले आहेत. त्यांपैकी बहुतेक लाव्हा सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर आला.

कणांची वर्तणूक : घन स्फटिकातील कण (अणू, रेणू वा आयन) ठराविक स्थानांभोवती कंप पावतात. द्रवात ते परस्परांच्या निकट राहूनही स्थान बदलू शकतात, तर वायूत ते दूर दूर व बहुतांशी मुक्त असतात. वितळताना पुरविलेली उष्णता ही मांडणी मोडण्यात खर्ची पडते, म्हणून सर्व बर्फ वितळेपर्यंत त्याचे तापमान ०° से. वरच राहते. १ ग्रॅ. बर्फास त्यासाठी सु. ८० कॅलरी उष्णता लागते व पाणी गोठताना तेवढीच परत मिळते. या सुप्त उष्णतेचा शोध जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगो येथे सु. १७६१ मध्ये लावला. बेसाल्ट मात्र अनेक खनिजांचा बनलेला असल्याने त्याला एकच गोठणबिंदू नाही. सु. १,२००° ते १,०००° से. या तापमानांच्या दरम्यान त्यातील खनिजे क्रमाक्रमाने स्फटिकरूप होतात.

इतिहास : अठराव्या शतकाच्या अखेरीस बेसाल्टाच्या उत्पत्तीविषयी तीव्र मतभेद होते. जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खाणविद्यालयाचे ए. जी. व्हेर्नर तो प्राचीन सागरजलातून निक्षेपित झाला असे मानीत, तर ब्लॅक यांचे एडिंबरो येथील स्नेही जेम्स हटन यांच्या मते तो वितळलेल्या द्रव्यापासून बनला होता. दगड वितळवून निवविल्यास काच मिळते, दगड मिळत नाही, असा हटन यांच्या विरोधकांचा आक्षेप होता. लीथ येथील काचकारखान्यात अतिशय सावकाश थंड झालेली काच दगडासारखी अपारदर्शक बनल्याचे सर जेम्स हॉल यांच्या लक्षात आले. या सूत्रावरून त्यांनी बेसाल्टसदृश खडक भट्टीत वितळविले. हटन यांच्या मृत्यूनंतर, १७९८ मध्ये, त्यांनी आपले निष्कर्ष मांडले : द्रव झपाट्याने थंड केल्यास काच व मंद गतीने थंड केल्यास स्फटिकमय दगड मिळतो.

याचे कारण कणांच्या पातळीवर शोधावे लागते. नियमित मांडणीत स्थिरावण्यास कणांना अवधी लागतो. तो न मिळाल्यास द्रवातील अव्यवस्था जशीच्या तशी थिजते आणि काच बनते. हॉल यांच्या काळी अणूंचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध झालेले नव्हते. झां पेरँ यांचे ब्राउनीय गतीवरील प्रयोग (१९०८) व क्ष-किरणांनी केलेले स्फटिकांचे परीक्षण (१९१२ पासून) यांमुळे ही उपपत्ती दृढ झाली.

नांदेड जिल्ह्यातच या नियमाची उदाहरणे मिळतात. भूपृष्ठावर निवलेल्या बेसाल्टाचे स्फटिक इतके बारीक असतात की, ते नुसत्या डोळ्यांनी सहसा ओळखू येत नाहीत. उलट जिल्ह्याच्या पूर्वेकडील देगलूर भागात उघडा पडलेला ग्रॅनाइट खोल भूगर्भात अत्यंत मंद गतीने थंड झालेला असल्याने त्याचे स्फटिक मोठे व स्पष्ट दिसतात.

हे थर एकाच उद्रेकाचे नाहीत. जे. जी. माल्कमसन यांनी १८३७ मध्ये गोदावरीच्या उत्तरेस निर्मळच्या डोंगररांगेतील, बेसाल्टाशी निगडित थरांत सापडलेल्या गोड्या पाण्यातील शंखांचे वर्णन केले. दोन लाव्हा-प्रवाहांमधील अशा थरांवरून, पहिला प्रवाह पूर्ण निवून त्यावर तळी साचण्याइतका काळ मध्ये गेला होता, हे समजते. किल्लारी (जि. लातूर) येथे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या एका विंधन छिद्रात या थरांची एकूण जाडी ३३८ मी. आढळली.

भूजलाशी संबंध : लाव्हारसात विरघळलेली पाण्याची वाफ व इतर वायू दाब कमी होताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतात. वरचा थर त्यापूर्वीच थिजल्यास तेथे पोकळ्या राहतात व सच्छिद्र बेसाल्ट बनतो. कालांतराने पुष्कळ पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट इ. खनिजांनी भरून जातात. प्रवाहाचा मधला भाग घट्ट बनतो, मात्र थंड होताना आकुंचन पावल्याने त्याला संधी (भेगा) पडतात. मुंबईतील अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीचे उभे स्तंभ अशाच संधींमुळे निर्माण झाले आहेत.

अखंड बेसाल्टात पाणी मुरत नाही. ते संधींत, परस्परांशी जोडलेल्या पोकळ्यांत व अपक्षय झालेल्या थरात साठते. त्यामुळे मराठवाड्यात एका विहिरीला पाणी लागते आणि जवळचीच दुसरी कोरडी जाते. १९७२ च्या दुष्काळात या प्रश्नाची तीव्रता सर्वत्र जाणवली. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. लाव्हारस कोणत्या गतीने थिजला आणि त्यातील वायू कोठे अडकला, यांवर आजही येथील विहिरींचे पाणी बऱ्याच अंशी अवलंबून आहे.