साठवणखंडांचे वाटप, कंटेनर-समूहांतील
गूगलने 2014 मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुल्या केलेल्या कुबरनेटीज या प्रणालीत साठवणखंड, म्हणजे कंटेनर बंद पडल्यावरही विदा टिकवणारी जागा, कोणत्या यंत्राच्या डिस्कवर निर्माण व्हावा याचे नियम ‘स्टोरेज क्लास’ या घटकात नोंदवलेले असतात. मूळ रीतीनुसार मागणी येताच खंड निश्चित होतो. त्यामुळे डिस्क एका यंत्रावर आणि मोकळी मेमरी दुसऱ्यावर, असा पेच उद्भवून पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट, खोळंबून राहू शकतो. ‘वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर’ ही रीत पॉडसाठी यंत्र निवडले जाईपर्यंत हा निर्णय लांबवते, म्हणून यंत्राला थेट जोडलेल्या डिस्कांसाठी ती जवळजवळ अपरिहार्यच मानावी लागते. लाँगहॉर्नसारख्या साठवणप्रणालीत डिस्कांना टॅग लावून जलद एसएसडी विशिष्ट खंडांसाठी राखून ठेवता येतात.