नांदेडचं ०२४६२ आणि लातूरचं ०२३८२

नांदेडचा एसटीडी कोड ०२४६२, लातूरचा ०२३८२. दोन्ही पाच अंकी, दोन्ही शून्याने सुरू होणारे. पण सर्व्हरने हे कोड अवतरणचिन्हं न लावता जुन्या वळणाच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहून पाठवले, तर ब्राउझर लातूरचा कोड २३८२ वाचतो आणि नांदेडचा चक्क १३३०! एरर वगैरे काही येत नाही.

याचं मूळ जुनं आहे. बेल लॅब्समध्ये घडलेल्या सी भाषेत शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी आठच्या हिशोबाने, वाचायचा संकेत होता. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकने जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. सी घराण्याचं वळण तिच्यात आलं, आणि त्यासोबत हा संकेतही. ०२४६२ मधला प्रत्येक अंक आठपेक्षा लहान आहे, म्हणून तो अष्टमान ठरतो. लातूरच्या कोडात ८ आहे. अष्टमानात तो अंकच नाही, म्हणून लातूरचं फक्त शून्यावर निभावतं.

त्याच १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फने पीएचपी लोकांसमोर आणली. पीएचपी सर्व्हरवर चालते, जावास्क्रिप्ट आपल्या फोनमध्ये. पान फोनवर पोहोचतं तोवर पीएचपीचं काम संपलेलं असतं. तिच्याकडची माहिती फोनला द्यायची तर पान लिहितानाच त्यातल्या स्क्रिप्टमध्ये ती छापून टाकायची, हा सोपा मार्ग प्रोग्रॅमरांनी धरला. पण या वाटेने जातो तो फक्त मजकूर. ‘हा फोनचा कोड आहे, बेरजेची संख्या नाही’ ही समज सर्व्हरवरच राहते.

आपल्याकडे याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे सातबारा. ७/१२ हे शब्दांऐवजी उघडं स्क्रिप्टमध्ये गेलं, की ब्राउझर भागाकार करतो: ०.५८३३. गट क्रमांक १२/३ चा होतो ४. आता गावात चार नंबरचा गटही असतोच, आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो. शोधणाऱ्याला उत्तर मिळतं, पण ते भलत्याच जमिनीचं.

मजकूर आणि आज्ञा यांतली सीमा पुसली, की धोका वाढतो. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलच्या मजकुरात जावास्क्रिप्ट दडवली. पाहणाऱ्याचा ब्राउझर ती चालवायचा आणि तीच स्क्रिप्ट त्याच्याही प्रोफाइलवर चिकटायची. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलवर ती पसरली.

यावरचा एक उपाय तोवर जन्मला होता. २००१ च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्डने जावास्क्रिप्टमधूनच एक छोटी लेखनपद्धत वेगळी काढली: जेसन. तिच्यात शब्द अवतरणात, संख्या उघडी, आणि भागाकार नाहीच. शून्याने सुरू होणारी ०२४६२ सारखी संख्या तर तिथे चालतच नाही. वाचणारा प्रोग्रॅम गपचूप १३३० करण्याऐवजी सरळ थांबतो. २००६ मध्ये पीएचपी ५.२ सोबत जेसन लिहिण्याची सोय आली. २००९ मध्ये जावास्क्रिप्टच्या ‘स्ट्रिक्ट मोड’ने शून्याचा तो जुना संकेतही बंद केला. आजही जेसन थेट पानात छापताना त्यातला कोनी कंस झाकावा लागतो, नाहीतर एखाद्या नावात दडलेली खूण स्क्रिप्ट मध्येच संपवते.

एक निर्णय मात्र कुठलीही लेखनपद्धत घेत नाही. डेटाबेसचा तक्ता आखतानाच एसटीडी कोड, पिनकोड, गट क्रमांक यांना संख्या म्हणून साठवलं, तर नांदेडचं पहिलं शून्य तिथेच गळून पडतं, आणि जेसन उरलेलं २४६२ इमानेइतबारे पोहोचवतो. म्हणून तक्ता आखताना आधी विचारायचं: याची कधी बेरीज करणार आहोत का? नसेल, तर ते आकड्यांनी लिहिलेलं नाव आहे. ते नावासारखंच, अवतरणात पाठवायचं.