स्त्री म्हणजे कोणती स्त्री? : राखीव जागांच्या एका जुन्या वादाविषयी

कायदेमंडळांतील स्त्रियांच्या राखीव जागांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा १९९६ च्या विधेयकापासून केली जाते आणि शेवट सप्टेंबर २०२३ च्या घटनादुरुस्तीपाशी होतो. या मांडणीत सत्तावीस वर्षांची एक अडवणूक दिसते : एका बाजूस हक्क मागणाऱ्या स्त्रिया, दुसऱ्या बाजूस त्यांची वाट अडवून बसलेले पुरुष. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. मूळ वाद त्याहून सहा दशकांनी जुना असून त्याच्या आरंभी राखीव जागांना ठाम नकार देणाऱ्या स्त्रियाच होत्या. त्या कोण होत्या, आणि त्याच काळात राखीव जागा मागणाऱ्या स्त्रिया कोण होत्या, हे पाहिल्यावाचून पुढे गाजलेला ‘कोट्यातील कोटा’ हा तंटा नीट उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि पुरुषांच्या बरोबरीने मताधिकाराची मागणी केली. १९२१ मध्ये मद्रास व मुंबई इलाख्यांत स्त्रियांना मत मिळाले. अर्थात मालमत्तेच्या व तत्सम अटींवर, म्हणजे फार थोड्या स्त्रियांना. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बेगम शाहनवाज आणि राधाबाई सुब्बरायन या दोघी प्रतिनिधींनी निदान संक्रमणकाळापुरत्या तरी स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात, अशी भूमिका घेतली. देशातील तीन प्रमुख महिला संघटनांनी मात्र १९३१ मध्ये संयुक्त निवेदन काढून ती नाकारली. आम्हांला सवलत नको, सार्वत्रिक प्रौढ मताधिकार द्या, आम्ही समान भूमीवर उभ्या राहू, असा त्या निवेदनाचा आशय होता.

या नकारामागील स्वाभिमान आजही आदर वाटावा असा आहे. ब्रिटिश सरकार मतदारांची धर्म-जातवार वाटणी करीत असताना स्त्रियांनी तरी अभंग राहावे, हा विचार राष्ट्रीय चळवळीच्या तर्काशी सुसंगतच होता. परंतु समान भूमीवर उभे राहण्याची भाषा ज्या स्त्रिया बोलत होत्या, त्यांच्या पायांखाली भूमी होती. शिक्षण, इंग्रजी, घरातील पुरुषांचे राजकारणातील स्थान आणि सभासंमेलनांना जाण्याची मोकळीक हे भांडवल त्यांच्यापाशी होते. ‘स्त्री’ हा एकच वर्ग आहे, असे म्हणताना तो वर्ग आपल्यासारखाच आहे, असे त्यांनी गृहीत धरले. सरकारने त्यांचे ऐकले नाहीच. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत स्त्रियांसाठी ४१ जागा राखल्या, त्याही पुन्हा धर्मवार वाटून. आणि मताधिकार वाढवताना अनेक स्त्रियांना तो मतदार पुरुषाची पत्नी या नात्याने दिला.

आता नागपुरास येऊ. डिसेंबर १९३७ मध्ये तेथे अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले होते. मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी या अधिवेशनास गेल्या असता भोजनाच्या वेळी त्यांची व त्यांच्याबरोबरच्या दलित स्त्रियांची पंगत वेगळी मांडण्यात आली. या स्त्रियांनी अपमान गिळला नाही. लगोलग निषेधाची सभा घेतली. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात हा प्रसंग नोंदवून ठेवला नसता, तर तो आपल्या स्मरणातून केव्हाच गळून गेला असता. राखीव जागांच्या इतिहासात या प्रसंगाला आम्ही स्थान देतो, कारण अखिल भारतीय स्त्रीत्वाची व्याप्ती पंगतीपाशी कोठे थांबते, हे त्याने दाखवून दिले.

पाच वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. डॉ. आंबेडकर तेथे उपस्थित होते आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, गिरण्यांतील कामगार स्त्रियांना रजा, मुलींसाठी वसतिगृहे असे ठराव या परिषदेने केले. आणि त्यांतच कायदेमंडळांत व इतर प्रातिनिधिक संस्थांत स्त्रियांना राखीव जागा असाव्यात, हीही मागणी होती. १९३१ मधील निवेदन आणि १९४२ मधील ठराव शेजारी ठेवले म्हणजे ध्यानात येते की, राखीव जागा मानहानीच्या की मानाच्या, याचे उत्तर त्यांच्यावाचून आपण सभागृहात पोहोचू, असा विश्वास बोलणारीला आहे की नाही, यावर अवलंबून होते.

घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या. त्यांत दलित स्त्री एकच, दाक्षायणी वेलायुधन. डिसेंबर १९४६ मध्ये हंसा मेहता यांनी स्त्रियांनी राखीव जागा कधी मागितल्या नाहीत, असे सभागृहात सांगितले. नागपूरच्या ठरावानंतर अवघी चार वर्षे लोटली होती. पुढे राज्यघटनेने अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा दिल्या, स्त्रियांना दिल्या नाहीत. दलित स्त्रीच्या वाट्यास आलेली राखीव जागा अशा रीतीने केवळ जातीच्या नावाने आली, आणि ती बहुतांशी पुरुषांनीच भरली.

स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ च्या अखेरीस ‘समानतेकडे’ हा अहवाल सादर केला, तेव्हाही बहुमत विधिमंडळांतील राखीव जागांच्या विरोधातच होते. वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. घटनेने दिलेली समता कागदावर राहिली आणि ‘समान भूमी’ काही आपोआप सपाट झाली नाही, हे समितीसमोर आलेल्या पुराव्यांतूनच त्यांना उमगले होते.

खरा बदल खालून आला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनाला लाखोंच्या संख्येने ग्रामीण स्त्रिया जमल्या, आणि पंचायत निवडणुकांत स्त्रियांनी उतरावे, हा विचार तेथून पुढे आला. १९९० च्या सुमारास राज्याने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर एक तृतीयांश जागा राखल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले जात नाही. तिच्यात आरंभापासूनच कोट्यातील कोटा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या जागांत त्या स्त्रियांचा हिस्सा घटनेनेच ठरवला, आणि मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा अधिकार राज्यांना दिला. म्हणून महाराष्ट्रात इतर मागासवर्गीय स्त्री स्वतंत्र आरक्षणातून सरपंच झाली, जिल्हा परिषदेवर गेली. ‘सरपंचपती’ नावाचा प्राणी या काळात निपजला, हे खरेच. पण दलित व मागास सरपंच स्त्रीला खुर्ची न देणारे गाव आणि तिच्यावर आणलेले अविश्वासाचे ठराव यांतून जातीची गाठ किती घट्ट आहे, हेही उघडे पडले.

ही पार्श्वभूमी असताना १९९६ चे विधेयक आले. गीता मुखर्जी यांच्या संयुक्त समितीने मागासवर्गीय स्त्रियांच्या प्रश्नाचा योग्य वेळी विचार व्हावा, अशी शिफारस केली. ती योग्य वेळ पुढे आलीच नाही. शरद यादव यांनी १९९७ मध्ये ‘परकटी’ स्त्रियांना उद्देशून काढलेले उद्गार आणि १९९८ मध्ये सभागृहात फाडल्या गेलेल्या विधेयकाच्या प्रती यांमुळे मागासवर्गीय स्त्रियांची बाजू मांडण्याचे काम अशा पुरुषांच्या हाती गेले, ज्यांच्या पक्षांनी त्या स्त्रियांना तिकिटे देण्याची फारशी घाई कधी केली नव्हती. त्यांच्या हेतूंविषयी शंका घेणे रास्त होते. मात्र वकील संशयास्पद म्हणून अशिलाची बाजू खोटी ठरत नाही, एवढे भान स्त्रीवादी वर्तुळांतही पुष्कळांना राहिले नाही. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केले. विरोधातील ते एक मत शरद जोशींचे, चांदवडच्या मेळाव्यामागील नेत्याचे. फिरत्या मतदारसंघांच्या पद्धतीने स्त्री उमेदवारालाच मूळ धरता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेने १०६ वी घटनादुरुस्ती ४५४ विरुद्ध २ मतांनी आणि राज्यसभेने २१४ विरुद्ध ० मतांनी संमत केली. विरोधातील दोन मते असदुद्दीन ओवैसी व औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांची होती. मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांना वेगळा हिस्सा नाही, हे त्यांचे कारण. कायद्याने लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखल्या, अनुसूचित जाती-जमातींच्या जागांतही तसाच हिस्सा ठेवला, आणि अंमल मात्र पुढील जनगणना व त्यानंतरची मतदारसंघ-पुनर्रचना यांच्याशी बांधून टाकला. २०२४ ची लोकसभा निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली व ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या.

मागासवर्गीयांना विधिमंडळांत मुळात आरक्षणच नाही, तेव्हा त्यांच्या स्त्रियांना ते कसे देणार, हा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत बिनतोड आहे. इतिहासाच्या भाषेत तो तितका बिनतोड नाही. घटनादुरुस्ती करणाऱ्या संसदेला आधीच्या घटनेची मर्यादा सांगणे विचित्र आहे. आणि जी रचना पंचायतींत तीस वर्षे चालली, ती फार गुंतागुंतीची आहे, असे म्हणणे तर त्याहून विचित्र. एक तृतीयांश जागा मिळाल्याने स्त्रियांचे काही नुकसान होणार नाही, उलट लाभच होईल, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. आमचा प्रश्न त्या जागांवर बसणाऱ्या स्त्रियांचा आहे. मागासवर्गीय महिला म्हणून जिल्हा परिषदेची अध्यक्षा झालेली एखादी कर्तबगार स्त्री उद्या विधानसभेकडे वळेल, तेव्हा ज्या गणनेने तिला इथवर आणले, ती गणनाच तेथे नसेल. तिने खुल्या महिला जागेवर लढावे, असे तिला सांगितले जाईल. १९३१ मध्ये हेच सांगितले गेले होते : समान भूमीवर उभ्या राहा.