‘श्रद्धेनं बळ दिलं’ हे वाक्य इतिहासात कसं लिहायचं? पंडिता रमाबाईंच्या निमित्तानं

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘ख्रिस्ती श्रद्धेनं रमाबाईंना संकटात बळ दिलं.’ गाईडनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘कसं?’ त्या एका शब्दानं माझे जवळजवळ दोन महिने खाल्ले. संशोधनाला नुकती सुरुवात करणाऱ्यांना अशी वाक्यं फार लिहावीशी वाटतात (मलाही वाटतात), म्हणून त्या दोन महिन्यांत काय हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी आयुष्याचा आराखडा बघू. रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि मुलगी आईकडून शिकली. तीर्थयात्रा आणि पुराणं सांगणं यावर घर चालायचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण, तिघंही थोड्या थोड्या अंतरानं गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८०मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं. १८८१मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२च्या सुरुवातीला नवरा पटकीनं गेला. म्हणजे चोविसाव्या वर्षी पदरात तान्ही मुलगी, आणि माहेर-सासरचं कुणी नाही.

आता गंमत बघा. ही सगळी संकटं बाप्तिस्म्याच्या आधीची आहेत. बाप्तिस्मा झाला इंग्लंडमध्ये वाँटेजला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी. मग या काळात बळ कुठून आलं? १९०७च्या ‘अ टेस्टिमनी’ या इंग्रजी पुस्तिकेत त्या सांगतात की दुष्काळात घरच्यांनी व्रतं, स्नानं, दानं सगळं केलं, पण उपयोग झाला नाही आणि जुन्या धर्मावरचा विश्वास डळमळला. तरीही त्या चालत राहिल्या, शिकत राहिल्या, भाषणं देत राहिल्या. पुण्यात येऊन १८८२मध्ये आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. माझ्या वाक्यातली पहिली चूक इथे सापडली. रमाबाईंचं सगळंच धैर्य ख्रिस्ती श्रद्धेच्या खात्यावर जमा करता येत नाही. बरंचसं त्या सोबत घेऊनच आल्या होत्या.

मग श्रद्धेनं काय दिलं? ‘टेस्टिमनी’त एक प्रसंग आहे. वाँटेजच्या सिस्टर्सनी रमाबाईंना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं एक केंद्र दाखवलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळायचा, आणि मायेनं वागवलं जायचं. हे लोक असं का करतात, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरनं येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या मनावर ठसा उमटला तो इथे. नेहेम्या गोरे यांच्या लिखाणानं पुढे बुद्धीला पटवलं, पण सुरुवात झाली ती टाकलेल्या बाईला कसं वागवायचं या प्रश्नापासून. पुढे केडगावला अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघालं, तेव्हा मला फुलहॅम आठवलं. श्रद्धेनं त्यांना नुसता दिलासा दिला असं नाही, कामाचा एक नमुनाही दिला.

आणि ही श्रद्धा गुपचूप मान डोलावणारी नव्हती. वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या होत्या, पण कमी ऐकू येत असल्यानं तो बेत बारगळला. एकटी बाई, परका देश, आसरा मिशनचा. अशा वेळी माणूस नमतं घेईल ना? पण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचा. त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाई वाद घालतात. क्रूसावर लॅटिनच का, संस्कृत का नको, असं विचारतात. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या विवेकावर हुकूम चालवू नये, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात. इकडे महाराष्ट्रात बाप्तिस्म्यामुळे कितीतरी जण दुखावलेले, तिकडे चर्चवाले नाराज. या कोंडीत त्या उभ्या राहिल्या त्या ‘मी देवाला जबाबदार आहे, तुम्हाला नाही’ या भूमिकेवर. (हे शब्द माझे, आशय त्यांच्या पत्रांतला.)

इथे साधनांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘टेस्टिमनी’त रमाबाई म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, म्हणजे १८९१च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही, हे त्यांना कळलं. हे लिहिलं १९०७मध्ये. त्याआधी १९०५मध्ये मुक्ती मिशनमध्ये मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं होतं. त्या अनुभवातून मागे वळून पाहताना १८८३ ते १८९१ हा काळ अपुरा वाटणं साहजिक आहे. पण १८८५ची पत्रं वाचताना ती श्रद्धा अपुरी वाटत नाही, झगडणारी वाटते. दोन्ही साधनं खरी आहेत, पण वेगवेगळ्या वेळची आहेत. आठवणींच्या पुस्तकातलं वाक्य उचलून वीस वर्षं मागच्या प्रसंगावर चिकटवू नका. हे मी केलं होतं, म्हणून सांगतोय.

आता १८९३. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन १८९०मध्ये पुण्यात आलं होतं. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा पैसा होता आणि धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असं आश्वासन होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं टीका केली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, आणि त्या हिंदूच राहिल्या, हेही विसरायचं नाही. रमाबाईंनी दार बंद केलं असतं तर कदाचित वाद मिटला असता. त्यांनी केलं नाही. इथे श्रद्धेनं संकट टाळलं नाही, उलट ओढवून घेतलं. ‘बळ’ या शब्दात ही बाजूही मोजावी लागते.

तीन वर्षांनी दुष्काळ आला. १८९६-९७मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या जमिनीवर मुक्काम हलला आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई वीस-बावीस वर्षांनी दुष्काळातल्या मुली शोधत फिरते. या अनुभवावर त्यांनी १८९७मध्येच लिहिलंय आणि त्यात जुनी आठवण उघडपणे येते. भुकेची आठवण आधीची, प्रार्थनेची सवय नंतरची. माझ्या मते त्यांचं बळ या दोन्हींच्या जोडातून आलं.

पण इथे थांबून एक अवघड प्रश्न विचारायलाच हवा. उपाशी आलेल्या मुलीनं पुढे बाप्तिस्मा घेतला तर तो किती तिचा निर्णय, किती परिस्थितीचा? त्या मुलींचं म्हणणं आपल्याला बहुतेक मिशनच्या अहवालांतूनच ऐकू येतं. रमाबाईंबद्दल आदर आहे म्हणून हा प्रश्न गाळणं बरोबर नाही, आणि ‘सगळं जबरदस्तीनंच झालं’ असं पुराव्याशिवाय लिहिणंही बरोबर नाही. माझ्या प्रबंधात हा प्रश्न अजून उघडाच आहे.

शेवटचा काळ फार शांत आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर त्या अनेक वर्षं करत होत्या. १९२१मध्ये मनोरमा वारली. आईचं काम पुढे चालवणारी तीच होती. रमाबाई भाषांतराच्या कामाला लागून राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मुलीच्या जाण्यानंतरच्या त्या महिन्यांत श्रद्धा दिसते ती रोजच्या कामात.

गाईडच्या ‘कसं?’ला मी शेवटी एका तक्त्यानं उत्तर दिलं. तुम्हीही करून बघा. पाच रकाने: संकट कोणतं, श्रद्धेबद्दल त्या वेळी काय लिहिलं, नंतर काय लिहिलं, प्रत्यक्षात काय केलं, आणि त्याची किंमत कुणी मोजली. ‘श्रद्धेनं बळ दिलं’ हे वाक्य मसुद्यातून गेलंय, त्याच्या जागी आता साडेचार पानं आहेत. शेवटच्या रकान्यातल्या दोन जागा रिकाम्या आहेत. दोन्ही केडगावच्या मुलींच्या आहेत.